वाचकांचे प्रश्न : हौशी रेडिओ आणि उपग्रह

प्रश्न : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीर हॅम (म्हणजे हौशी) रेडिओवरून शाळकरी मुलांशी बोलतात, हे वाचल्यापासून मला आणि आठवीतल्या माझ्या मुलीला उपग्रहांमार्फत संपर्क साधण्याचा छंद लावून घ्यावासा वाटतो. त्यासाठी आधी भारी रेडिओ घ्यावा लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रेडिओच्या खरेदीची घाई करू नये. या छंदात आधी ऐकायला शिकावे लागते आणि त्यासाठी रेडिओच्या किमतीपेक्षा चांगला अँटेना व उपग्रहाचे वेळापत्रक अधिक उपयोगी पडते. अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरत असल्याने एका फेरीत ते आपल्या आकाशात जेमतेम दहा मिनिटे असते. ‘जीप्रेडिक्ट’सारख्या मोफत संगणकप्रणालीत आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले, की ते कधी व कोणत्या दिशेला उगवेल हे आधीच समजते. सुरुवातीला क्षितिजापासून किमान ३० अंश वर चढणाऱ्या फेऱ्याच निवडाव्यात. त्याहून खालच्या फेरीत अंतर वाढते, इमारती आड येतात आणि नवशिक्याचा उगाच हिरमोड होतो.

अँटेना मात्र मुलीकडूनच बनवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. पीव्हीसी पाइपवर पोलादी मेजरटेपचे सुमारे एकेक मीटर लांबीचे तुकडे बसवून १४५ मेगाहर्ट्झसाठी तीन दांड्यांचा यागी (एकाच दिशेचे संदेश जोरात पकडणारा) अँटेना घरच्या घरी तयार होतो. सोल्डर करायच्या जागी टेपवरचा रंग पॉलिशपेपरने पूर्ण घासून काढावा, नाहीतर सोल्डर धरत नाही. फेरीच्या वेळी अँटेना उपग्रहाच्या दिशेने धरावा आणि आवाज खोल गेला, की मनगट हळूहळू फिरवून पाहावे. फिरत्या उपग्रहाच्या लहरींच्या कंपनाची दिशा बदलत राहते, त्यामुळे एवढ्यानेही आवाज पुन्हा स्वच्छ होतो.

स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर आवाजाच्या रूपात चित्रे प्रक्षेपित होतात. अशा वेळी ‘रोबोट ३६’ हे अ‍ॅप उघडून मोबाइल नुसता रेडिओजवळ धरला, तरी सुमारे दोन मिनिटांत संपूर्ण चित्र ओळीओळीने पडद्यावर उमटते. मुलांना या विषयाची गोडी लावायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

बोलायचे असेल, तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घेणे अनिवार्य आहे. वयाची अट १२ वर्षे पूर्ण असण्याची आहे, तेव्हा तुम्ही दोघांनी मिळूनच अभ्यास करावा. परवाना हाती आल्यावर स्थानकावरील रिपीटर (एका वारंवारितेवर आलेला आवाज दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र) वापरता येईल. त्यासाठी १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर सुरू करणारा खोल स्वर) लावून बोलायचे आणि ४३७.८०० वर ऐकायचे असते. डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, ही ऐकण्याची वारंवारिता स्थानक जवळ येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर, तर दूर जाताना तितकीच खाली सरकते. म्हणून ऐकण्याचा रेडिओ ४३७.८१० वर लावून टप्प्याटप्प्याने खाली आणावा. हेडफोनमध्ये उपग्रहावरून परत येणारा स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल, तर बोलू नये. त्या दहा मिनिटांत अनेक देशांतील लोक एकाच वाहिनीवर असतात, त्यामुळे आपले संकेतनाम (परवान्यासोबत मिळणारी ओळख) व ग्रिड चौकोन (नकाशावरील आपल्या जागेचा संकेत; सांगलीचा एमके७६) सांगून जागा मोकळी करावी.

प्रश्न : डीटीएचची जुनी तबकडी घरी पडून आहे. तिचा या छंदात काही उपयोग होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : निश्चित होईल. २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या ‘एस्हेल-२’ या भूस्थिर (आकाशात एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या) उपग्रहावर हौशी रेडिओसाठी ट्रान्सपॉन्डर (संदेश घेऊन पुन्हा पृथ्वीकडे पाठवणारी यंत्रे) आहेत. तो २५.९ अंश पूर्व रेखांशावर असल्याने महाराष्ट्रातून पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर येतो. तेव्हा त्या दिशेला झाड किंवा भिंत नाही ना, हे प्रथम पाहावे. तबकडीला साधा एलएनबी (तबकडीसमोर बसणारा ग्राहक भाग) आणि संगणकाला एसडीआर डोंगल (संगणकावर चालणारा छोटा रेडिओ) जोडला, की १०४८९.७५० मेगाहर्ट्झवरचा त्याचा बीकन (सतत चालू असणारा खुणेचा संदेश) कोणत्याही वेळी ऐकता येतो. एलएनबी शक्यतो पीएलएल (वारंवारिता स्थिर ठेवणाऱ्या) प्रकारचा घ्यावा. जुन्या प्रकारात तापमान बदलले, की वारंवारिता सरकते आणि लागलेले स्टेशन हातचे जाते.