आधी दोर धरायला शिक

नागपूर, मे महिना

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. बीएस्सी ॲग्री झालं, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायचं मन नाही, झाडांचंच काम करायचं आहे, आणि घरचे विचारतात की झाडं छाटून कोणाचं पोट भरतं का. भरतं. माझं एकतीस वर्षं भरलं. पण ‘मला आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची निगा राखणारी तज्ज्ञ, व्हायचंय’ असं तू लिहिलंस, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर नक्की कोण होतं ते मला कळलं नाही. या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळी माणसं राहतात. त्यांचा दिवस वेगळा, धोका वेगळा, कमाईही वेगळी.

बहुतेक तुझ्या डोळ्यांसमोर चढणारा असेल. दोरावर लटकून करवत चालवणारा. आपल्याकडे पुष्कळ जण अजूनही अनवाणी, कमरेला साधा दोर आणि हातात कोयता घेऊन हेच काम करतात. त्यांच्या तळपायांना झाड कळतं. शेवगा आणि गुलमोहर कडकन मोडून दगा देतात, चिंच सहसा देत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण कमरेला बांधलेल्या साध्या दोरावर माणूस पडला तर तो दोरच त्याचा कणा मोडू शकतो. म्हणून मांड्या आणि कंबर दोन्ही धरणारा हार्नेस, हेल्मेट, आणि करवत हातात असेल तेव्हा दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेलं अंग. यात मी कोणालाही सूट देत नाही, तुलाही देणार नाही.

चढणाऱ्याकडे सगळे मान वर करून बघतात, आणि दोर धरणारा मात्र कोणाला दिसत नाही. बुंध्याला दोराचे वेढे घालून दोन क्विंटलची फांदी अलगद खाली आणणारा तोच असतो. झाडाखालून जाणाऱ्या स्कूटीला तोच थांबवतो, आणि वरच्याला भोवळ आली तर त्याला उतरवायचंही त्यालाच यावं लागतं. पुढे तू काहीही झालीस तरी पहिलं वर्ष या जागेवर काढ. फांदी किती जड असते, कापल्यावर कुठे झोकांडते, कोणत्या बाजूने साल सोलत खाली येते, हे खाली उभं राहूनच कळतं.

आता छाटणीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. काटोलच्या संत्र्याच्या बागेत तू लहानपणापासून सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढताना पाहिलं आहेस, त्यामुळे निम्मं तुला येतंच. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते, तिला आम्ही कॉलर म्हणतो. काप तिच्या बाहेर, पण तिला लागून घ्यायचा. खोडाशी सपाट कापलं तर कॉलर जाते, हातभर खुंट ठेवला तर तो कुजत आत शिरतो. जड फांदी असेल तर तीन काप. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालून, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तिथे सुटते आणि साल फाटत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा.

हे असंच का, ते अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी दाखवून दिलं. त्यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आत पाहिलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती भिंती घालतं, कूज आत कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. कापलेली जागा आयुष्यभर तशीच आत राहते. म्हणून कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्यात अर्थ नाही. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतात ते डिंक्या रोगासाठी, ती गोष्ट वेगळी. आणि शेंडाच उडवून झाड ‘हलकं’ करणं हा मी झाडावरचा अन्यायच मानतो. त्यातून भराभर धुमारे फुटतात, ते खोडाला वरवर चिकटलेले असतात, आणि चार-पाच वर्षांनी जाडजूड झाले की वाऱ्यात तेच आधी निखळतात. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात अचानक उघडी पडलेली साल भाजून तडकते ते निराळंच.

तिसरा माणूस झाडाचा डॉक्टर. याला चढता आलं तर उत्तम, पण याचं खरं काम बघण्याचं. इथे तुला माझी एक चूक सांगतो. धरमपेठेतल्या एका कॉलनीत मला गुलमोहर बघायला बोलावलं होतं. मेचे दिवस, झाड वरपासून खालपर्यंत लाल. मी घेर बघितला, फांद्या बघितल्या आणि ‘ठणठणीत आहे’ म्हणून निघालो. मृगाच्या पहिल्या वादळात ते मुळासकट आडवं झालं. खाली माणूस नव्हता, हे नशीब. जाऊन बघतो तर मुळं स्पंजासारखी. बुंध्याशी पालापाचोळ्याखाली चकाकत्या तपकिरी रंगाची कडक अळंबी होती, गॅनोडर्मा, गुलमोहराच्या मुळांचा जुना वैरी. मी वाकून पाचोळा बाजूला केला असता तर दोन मिनिटांत दिसली असती. तेव्हापासून मी आधी गुडघ्यावर बसतो आणि मगच वर बघतो. लाकडी हातोडीने खोड वाजवून पोकळ आवाज ऐकणं, बारीक ड्रिलने लाकडाचा रोध मोजणं, ध्वनिलहरींनी आतलं चित्र काढणं, हे सगळं तू शिकशील. पण पाचोळा हातानेच बाजूला करावा लागतो.

नागपुरात आणखी एक बघ: बुंध्यापर्यंत भिडलेलं काँक्रीट. अन्न-पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, आणि रस्ता करताना तीच तुटतात. पान हिरवं राहतं, झाड उभं असतं, मरण तीन-चार वर्षांनी दिसतं, आणि तोवर रस्त्याचं कोणाला आठवतही नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या कडुनिंबांखालून जाताना मला दरवेळी ते एक मीटर आठवतं.

विजेच्या तारांजवळचं काम हा चौथा प्रकार, आणि त्यात चुकीला दुसरी संधी नाही. त्याचं प्रशिक्षण नसेल तर तारेच्या दहा फुटांच्या आत जायचं नाही. लाइन बंद आहे असं कोणी तोंडी सांगितलं तर चढायचं नाही. परमिट हातात हवं आणि अर्थिंग डोळ्यांनी बघितलेलं हवं. कोणाच्या घरचा जनरेटर उलटा प्रवाह सोडत असेल तर ‘बंद’ तारही जीव घेते. ओली फांदी वीज वाहते, हे तर तुला ठाऊकच आहे.

मग कागदावर काम करणारे. महापालिकेच्या उद्यान विभागातले आणि स्वतंत्र सल्लागार. महाराष्ट्राचा नागरी झाडांचा कायदा १९७५ चा. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते ती त्यामुळे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असं ठरवलं. म्हणजे झाडाचं वय ठरवणाऱ्याच्या सहीला वजन आलं. सल्लागार झालीस तर एक पथ्य पाळ: ज्या झाडावर मत देशील, त्याच्या तोडणीचं कंत्राट घेऊ नकोस. तोडण्यातून पैसे मिळणार असतील तर धडधाकट झाडातही दोष दिसायला लागतो. मी हे होताना बघितलं आहे.

झाड उचलून दुसरीकडे लावणारेही असतात. वड, पिंपळ, उंबर यांना ते बऱ्यापैकी मानवतं. पण मुळांभोवती काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने चर खणायला हवा, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मुळांभोवतीचा मातीचा गोळा हातातच फुटतो. घाईचं स्थलांतर म्हणजे उशिरा केलेली तोड असं माझं मत आहे.

प्रमाणपत्राचं विचारलं आहेस. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ पासूनची संस्था परीक्षा घेते. साधारणपणे तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, शिक्षणामुळे त्यात काही सवलत मिळते. म्हणजे तुला घाई नाही.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, लागायच्या आत सेमिनरी हिल्सजवळच्या एका बंगल्यात करंजाच्या वाळलेल्या फांद्या काढायच्या आहेत. रविवारी सकाळी सहाला ये, अकराला उन्हाआधी आवरू. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट, दोन लिटर पाणी. हातमोजे आणि हेल्मेट माझ्याकडे आहेत. वर चढणारा पोरगा चांगला आहे, त्याचा दोर तू धरशील. मी तुझ्या बाजूलाच उभा असेन.

तुझा
काका