अमेरिकेतल्या बंदुकीच्या हिंसेला 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न' का म्हणतात? हा पोलिसांचा विषय नाही का?

पोलिसांचा आहेच. पण पोलीस येतात गोळी सुटल्यावर, आणि विचारतात, "कोणी केलं?" आम्ही पीएसएमवाले (म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र; मी त्याच शाखेचा डॉक्टर) विचारतो, कोण मरतंय, कुठे, आणि मधे काय केलं असतं तर वाचलं असतं?

आधी आकडा बघा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! शाळा-मॉलमधले गोळीबार टीव्हीवर दिसतात, पण एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा अगदी थोडा. आत्महत्येत आरोपी कुणाला करणार? पोलीस येऊन पंचनामा करतील, बस.

न्यू हॅम्पशायर राज्यातली २००९ ची घटना आहे. एकाच दुकानातून आठवड्याभरात तीन गिऱ्हाइकांनी बंदुका नेल्या आणि काही तासांतच जीव दिला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. बंदुका रीतसर विकलेल्या, तरी दुकानदार हादरला. मग तिथले आरोग्य संशोधक आणि बंदूकवाले चक्क एका टेबलावर बसले आणि दुकानदारांसाठी सूचना तयार केल्या: बंदुकीतलं काही कळत नाही, शिकायचंही नाही, "कुठलीही द्या, चालेल" म्हणणारं, नुकतीच नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला असं बोलून जाणारं गिऱ्हाईक असेल, तर विकू नका. मित्र खचलेला असेल तर काही दिवस त्याच्या बंदुका घराबाहेर ठेवायची व्यवस्था करा, हेही सांगितलं. कुणाचा हक्क काढला नाही, कुणाला गुन्हेगार ठरवलं नाही.

हे पटतं, कारण जीव देण्याचा झटका बहुतेकदा थोडा वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांत जवळपास नऊ जीव जातात. उलट प्रयत्नातून वाचलेले बहुतेक लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकं बाजारातून काढली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. यवतमाळ-अमरावतीच्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगायला नको.

मग अमेरिकेत याचा अभ्यास इतका मागे का? १९९३ च्या एका अभ्यासात निघालं की घरात बंदूक असली तर घरातल्याच माणसाच्या खुनाचा धोका वाढतो. बंदूक लॉबी खवळली. १९९६ मध्ये खासदार जे डिकी यांनी दुरुस्ती आणली: सीडीसीने (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी पैसा वापरायचा नाही. संशोधनावर बंदी कुठेच लिहिलेली नव्हती. पण बंदुकांच्या अभ्यासावर जितका खर्च होत होता नेमके तेवढेच, २६ लाख डॉलर, त्याच वेळी दुसरीकडे वळवले गेले. अधिकाऱ्यांना इशारा पुरला. पुढे २०१२ मध्ये याच डिकींनी सीडीसीतल्या आपल्या जुन्या विरोधकासोबत, मार्क रोझेनबर्ग यांच्यासोबत, लेख लिहिला की संशोधन व्हायलाच हवं! तरी त्यासाठी वेगळी तरतूद झाली ती २०१९ च्या अखेरीस, सीडीसी आणि एनआयएच (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) यांना मिळून अडीच कोटी डॉलर.

जून २०२४ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याबद्दल देशाला सल्ला देणारे सरकारी डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्याचं संकट असल्याचं अधिकृत पत्रक काढलं. २०२५ मध्ये सरकार बदललं आणि दोनेक महिन्यांत ते पत्रक आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावरून काढून टाकलं गेलं.