एकाच कंपनीचे दोन मोठे वेकबेट. एकावर मासा येतो, दुसऱ्यावर येत नाही. असं का?

तुम्ही विचारलंय की आठ इंची दोन वेकबेट (पाण्याच्या वरच्या थरात ओढायचे, गळ लावलेले नकली मासे) घेतले, माप एक, रंग एक, एकावर मरळ तुटून पडते आणि दुसऱ्याला हुंगतसुद्धा नाही. मग दुसरा खराब निघाला म्हणायचं का? आणि तिसरा घ्यावा का?

तिसरा इतक्यात घेऊ नका. मी संकेश्वरचा, हिडकल धरणाच्या फुगवट्यात बारा-तेरा वर्षं गळ टाकतोय, आणि हाच प्रश्न मलाही पडला होता. माझ्याकडचे दोन वेकबेट मी शेवटी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर नेऊन ठेवले. तो हसला, पण वजन करून दिलं. एक भरला ७८ ग्रॅम, दुसरा ८३. पाच ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. पण वेकबेटचं सगळं कामच तरंगण्यावर आहे. त्याची लिप (नाकाखालची पट्टी) जवळजवळ उभी असते, म्हणून ओढला तरी तो बुडी मारत नाही. पाण्याच्या कातडीखाली राहून डुलतो आणि मागं लाट सोडतो. पाठ अर्धा बोट वर राहिली तर एक चाल, पाठ पाण्याबरोबर आली तर दुसरीच. त्यात ते पाच ग्रॅम शेपटीकडे आहेत की नाकाकडे, यानं आणखी फरक पडतो. एकाच गायीचे दोन खोंड, पण जुंपल्यावर एक सरळ चालतो आणि एक बांधाकडे ओढतो, तसंच हे.

लाकडी असेल तर फरक जास्त. कॅलिफोर्नियात एम एस स्लॅमर नावाचा लाकडी वेकबेट प्रसिद्ध आहे. तिकडच्या तलावांत ट्राउट सोडतात, ते खाऊन बास मासे अवाढव्य होतात, म्हणून तिथले नकली मासेसुद्धा १२ इंचांपर्यंत. लाकूड म्हटलं की एकाच फळीत एक टोक हलकं, एक जड. वर रंगाचा आणि लॅकरचा थर कुठं पातळ, कुठं जाड. मी स्वतः हौसेनं पांगाऱ्याचे तीन करून घेतले होते (सावंतवाडीची खेळणी पूर्वी ज्या लाकडाची करत, तेच). सुतार एक, फळी एक. पहिला छान डुलला, दुसरा जोरात ओढला की कुशीवर पडायचा, आणि तिसरा म्हणजे नुसता ओंडका. तो आता देवघराच्या दाराला अडसर म्हणून आहे. साच्यातले प्लॅस्टिकचे त्या मानानं सारखे निघतात, पण जोडलेल्या अंगाच्या मधली पिन घट्ट-सैल असते आणि दोरी बांधायची नाकातली कडी केसभर वाकडी असते. तेवढ्यानंही चाल बदलते.

आता सगळ्यात मोठी चूक, म्हणजे माझीच. माझा ‘चालणारा’ वेकबेट जो होता, त्याचे गळ गंजले म्हणून मी एक माप मोठे, जाड तारेचे तीन काट्यांचे गळ लावले. गळ अडकवायच्या रिंगाही दणकट घातल्या. त्यानंतर दोन महिने एकही मासा नाही. मी पाण्याला दोष दिला, अमावस्येला दिला, धरणातून पाणी सोडतात त्याला दिला. जुन्या मापाचे गळ लावले, त्याच संध्याकाळी पाण्यात धप्प आवाज झाला. तेव्हा तुमच्या दोघांतल्या एकाचे गळ तुम्ही बदललेत का, हे आधी आठवा.

तपासायला मी पाटावर जातो. कालव्याला पाणी असताना लहान पुलावर उभं राहायचं आणि दोन्ही वेकबेट सारख्याच लांबीच्या दोरीवर प्रवाहात सोडायचे. पाण्याचा वेग दोघांना एकच, त्यामुळं फरक लगेच दिसतो. विहिरीच्या कडेनं चालत ओढूनही बघता येतं, पण चालताना आपला वेग कमी-जास्त होतो. एकीकडे पळत असेल तर शेपटीकडून बघा. उजवीकडे जात असेल तर नाकातली कडी पकडीनं डावीकडे केसभर वाकवा. केसभरच. वर फार तरंगत असेल आणि डुलत नसेल तर पुढच्या गळाच्या दांड्यावर सोल्डरची तार दोन-दोन वेढे घालत जा. जड असेल तर बारीक तारेचे गळ. गाठ थेट कडीला मारत असाल तर गोल स्नॅप (उघडझाप होणारी तारेची छोटी कडी) लावून बघा, नाक मोकळं होतं. फ्लोरोकार्बन दोरी बुडते आणि नाक खाली ओढते. ब्रेडेड (विणलेली) तरंगते, इथं तीच बरी.

आणि वेग. हा भाग लोक सोडूनच देतात. प्रत्येक वेकबेटला आपला एक वेग असतो. त्याच्या खाली तो नुसता सरपटतो, वर गेला की कलंडतो. एकदा काठावर बसलेले एक कन्नड आजोबा माझं ओढणं बघून सारखे ‘निधान, निधान’ म्हणत होते. बरोबर पुण्याचा आतेभाऊ होता, त्याला वाटलं इथं धन पुरलंय. कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू. त्यांचं ऐकून रील निम्म्या वेगानं फिरवलं, तर तो माझा ‘मेलेला’ ८३ ग्रॅमवाला असा काही डुलायला लागला की बघत राहावं. पहिला भरभर ओढायचा, दुसरा सावकाश, एवढंच होतं.

एक शंका मात्र स्वतःवरही घ्या. ज्यावर एकदा मासा आला तो आपण पहाटे, चांगल्या जागी, मन लावून टाकतो. दुसऱ्याची पाळी येते दहा वाजता, ऊन चढल्यावर. केंदाळाच्या कडेला उभं राहून दोन्ही आलटून-पालटून दहा-दहा वेळा टाका, मग बोलू. (पावसाळ्यात मरळ पिल्लांचा थवा राखत असेल तर तिथं टाकू नका. ती भुकेनं नाही, रागानं येते, आणि तिला उचललं की पिल्लांना इतर मासे खातात.)

बादलीत सोडून दोघांची पाठ किती वर राहते आणि नाक वर आहे की शेपूट, एवढं बघून खाली लिहा. किती तार लागेल ते अंदाजानं सांगतो.