बायबलचे वचन अर्धेच का वाचायचे?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. ‘आधी कुटुंब, मग शेजारी, मग गाव, मग देशबांधव आणि त्यानंतर बाकीचे जग’ ही जुनी ख्रिस्ती शिकवण आहे, असे अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स म्हणतात. खरेच तसे आहे का?

उत्तर : व्हान्स यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्थलांतरितांबाबतच्या सरकारी धोरणाचे समर्थन करताना हे म्हटले आणि ‘ऑर्डो अमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, या लॅटिन संज्ञेचा आधार घेतला. संज्ञा खरी आहे. प्राचीन काळातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांनी सद्गुणाची व्याख्याच प्रेमाचा क्रम अशी केली. पण त्यांचा मुख्य रोख वेगळा होता : देवापेक्षा पैसा किंवा सत्ता प्रिय होऊ नये. माणसांविषयी ते म्हणतात, प्रेम सगळ्यांवर सारखेच करावे. मात्र सगळ्यांना मदत करणे शक्य नसते, म्हणून काळ-स्थळाच्या योगाने जो आपल्याजवळ आला, त्याची आधी काळजी घ्यावी. मग जो दारातच येऊन उभा राहिला, तो दूरचा कसा?

तेराव्या शतकातले ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनस नात्यांचा क्रम मानतात, आणि त्यात गैर काही नाही. आपल्या आईवडिलांना वाऱ्यावर सोडून जगाची सेवा करा, असे कोणताही धर्म सांगणार नाही. पण तेच पुढे लिहितात की परका माणूस अगदी निकडीच्या गरजेत असेल आणि बापाची नड तेवढी तातडीची नसेल, तर काही प्रसंगी आधी परक्याला हात द्यावा. नेमके हेच गाळले जाते, आणि मला ते फार लागते.

पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिले. व्हान्स यांचे नाव न घेता त्यांनी सांगितले, की खरा प्रेमाचा क्रम बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात सापडतो. त्या दृष्टान्ताची सुरुवात आठवा. ‘माझा शेजारी कोण?’ असे एक शास्त्री विचारतो. त्याला शेजारधर्माची हद्द आखून हवी असते. येशू हद्द सांगतच नाही. यहुदी ज्यांना तुच्छ मानत, त्या शोमरोनातल्या एका माणसाने वाटेत जखमी पडलेल्या परक्याला कसा हात दिला, ती गोष्ट सांगतो.

प्रश्न : ‘अधिकाऱ्यांच्या अधीन असा’ असे बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल यानेच लिहिले आहे ना? मग सरकारचा कायदा पाळावा, यात चूक काय?

उत्तर : रोमकरांस पत्राचा तो तेरावा अध्याय. जून २०१८ मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांनी त्याचाच दाखला दिला. तेव्हा बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या आईबापांपासून त्यांची लेकरे वेगळी केली जात होती. एकोणिसाव्या शतकात पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवणाऱ्या कायद्यासाठीही हाच अध्याय पुढे केला गेला होता.

पौलाने लिहिले ते सलग पत्र. त्याचे अध्याय शेकडो वर्षांनी पाडले गेले. त्यामुळे लगेच आधीची वाक्ये नजरेआड होतात : तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे. त्याच तेराव्या अध्यायात, दहाव्या वचनात, प्रीती शेजाऱ्याचे काही वाईट करत नाही, असे आहे. आणि पौल स्वतः किती वेळा तुरुंगात गेला!

प्रश्न : ‘काम करणार नाही त्याने खाऊही नये’ या वचनावर रेशनची मदत कमी करता येईल का?

उत्तर : नाही. २०१३ मध्ये टेनेसीचे खासदार स्टीफन फिंचर यांनी फूड स्टॅम्पच्या, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, वादात हे वचन म्हटले होते. मूळ वाक्यात काम करण्याची ‘इच्छा नसणाऱ्या’, ख्रिस्ती मंडळीतल्या माणसांबद्दल बोलले आहे. लहान मुले, आजारी, राबूनही पोट न भरणारे, यांचा तिथे संबंध नाही.

प्रश्न : मी वसईचा. मार्टिन ल्यूथर किंग यांनीही राजकारणात बायबल आणलेच की. ते चालते, मग हे का नको?

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे. बायबलला राजकारणात मज्जाव करा, असे मी म्हणत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या किंग यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिले. अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे, हे ऑगस्टीन यांचे म्हणणे सांगून ते तिथेच थांबले नाहीत. न्याय्य कायदा कोणता, अन्यायी कोणता, हे त्यांनी समजावून दिले, टीका करणाऱ्या धर्मगुरूंना मुद्द्यामुद्द्याने उत्तर दिले, आणि कायदा मोडायचा तर उघडपणे, शिक्षा पत्करून मोडावा, असे लिहिले. ते लिहिताना ते स्वतः कोठडीत होते. सेशन्स यांनी वचनाचा दाखला दिला, तेव्हा ताटातूट दुसऱ्यांच्या लेकरांची होत होती.