समांतर, पर्यायी की फाटा?

प्रश्न असा आला आहे: “मार्व्हल कॉमिक्समधल्या अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या चमूतल्या दोघांना, स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) आणि टोनी स्टार्क (आयर्न मॅन) यांना, मी नवी मुंबईत, कोपरखैरण्यात आणलंय. शक्ती नाहीत, चिलखत नाही. एक व्यायामशाळा चालवतो, दुसऱ्याचं महापे एमआयडीसीत वर्कशॉप आहे. अशा एयू (अल्टरनेट युनिव्हर्स, म्हणजे मूळ पात्रं वेगळ्याच जगात) फॅनफिकला, चाहत्याने लिहिलेल्या कथेला, ‘समांतर विश्वकथा’ म्हणू का? आणि ‘शिप’ला, म्हणजे चाहते ज्या दोन पात्रांचं प्रेम जुळवतात त्यांना, नुसतं ‘जोडी’ चालेल का?”

‘समांतर’ नको. शब्द सुंदर आहे, पण इथे चुकीचा. सम अंतर राखून बाजूबाजूने चालणारं ते समांतर. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असायला हव्यात. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने जाणारा सर्व्हिस रोड समांतर असतो, कारण महामार्गही चालूच असतो. तुमच्या कथेत मूळ जग शेजारी चालू आहे का? नाही. ते तुम्ही बाजूला ठेवलंय. घोडबंदर रस्त्यावर काम निघालं की फलक लागतो, ‘पर्यायी मार्गाचा वापर करा’. एकाऐवजी दुसरा. एयू म्हणजे नेमकं हेच, म्हणून ‘पर्यायी विश्व’, आणि लेखनप्रकाराला ‘पर्यायकथा’.

शिवाय सुपरहिरो वाचणाऱ्यांनी ‘समांतर’ आधीच दुसऱ्या कामाला लावलाय. १९६१ साली डीसी या प्रकाशनाच्या कॉमिकमध्ये दोन वेगळ्या पृथ्व्यांवरचे दोन ‘फ्लॅश’ (अतिवेगवान सुपरहिरो) एकमेकांना भेटले. मार्व्हलच्या मुख्य विश्वाला तर, इतर विश्वांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून, ६१६ हा क्रमांकच आहे. (भूमितीत समांतर रेषा भेटत नाहीत, कॉमिकमध्ये भेटल्याशिवाय राहत नाहीत, हा भाग वेगळा.) तेव्हा कथेच्या माथ्यावर ‘समांतर’ लिहिलंत, तर वाचक पाचव्या प्रकरणापर्यंत वाट बघेल की आता मूळ कॅप्टन भिंत फोडून कोपरखैरण्यात येतो. तो येत नाही, आणि वाचक रुसतो.

तिसरा प्रकार उरतो आणि त्याला लोक सर्रास एयूच म्हणतात: जग तेच, एका घटनेपासून वेगळं. याला ‘फाटा’ म्हणावं. आपल्याकडे शिळफाटा रोजच्या बोलण्यात असताना नवा संस्कृत शब्द पाडायची गरज नाही. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याहून सुटली की तुर्भ्यापर्यंत रूळ एकच. पुढे एक सानपाड्यावरून वाशीला जाते, दुसरी जुईनगरकडून नेरूळ-पनवेलला. फाटाकथेचा नियम तोच. तुर्भ्याआधीचं एकही स्टेशन बदलायचं नाही. अ‍ॅव्हेंजर्स १९६३ साली सुरू झाले आणि १९६४ च्या चौथ्या अंकात त्यांना गोठलेला कॅप्टन अमेरिका सापडला. तो सापडलाच नाही तर? हा फाटा झाला. पण त्याच वेळी टोनीला चिलखताऐवजी वकिलीची सनद दिलीत, तर दोन ठिकाणचे सांधे एकदम बदलले आणि गाडी घसरली. कुठल्या बदलामुळे काय घडलं, हे मग वाचकाला कळतच नाही.

पर्यायकथेत उलट अडचण येते. सगळंच बदलायची मुभा असल्याने माणूसही बदलून जातो आणि उरतं फक्त नाव. शक्ती काढून टाका, पण त्या शक्तीचं वा संकटाचं कथेतलं काम काढू नका. बर्फाने स्टीव्हला स्वतःच्या काळापासून तोडलं. कोपरखैरण्यात बर्फ नाही, पण पंचवीस वर्षांनी गावी परतून शेताच्या जागी सेक्टरचा नंबर शोधणारा माणूस आहे. टोनीचं चिलखत त्याला जगवतं आणि लोकांपासून दूरही ठेवतं. वर्कशॉपचं शटर आतून ओढून घेणं ते काम करू शकेल. अशा दोन-तीन अदलाबदली आधी कागदावर मांडा, मग दुकानाच्या पाट्या रंगवा.

आता ‘जोडी’. हा शब्द फार मोकळा आहे: बैलांची जोडी, सलामीची जोडी, चपलांचीही. प्रेमाची खूण त्यात नाही. ‘जोडगोळी’ म्हणजे कायम बरोबर दिसणारे दोघे. बहुधा मित्र, थोडे उपद्व्यापी. ‘दुक्कल’ ठाण्याच्या बातम्यांत दुचाकी चोरताना पकडली जाते, तिला तिथेच राहू द्या. ‘युगुल’ तलावपाळीवर बसतं. ‘जोडपं’ म्हटलं की बरेच वाचक लग्न झालेलंच धरतात. शेवटचे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे दोन पुरुषांना वा दोन बायकांनाही बिनतक्रार बसतात. गटवारीसाठी मी ‘प्रेमजोडी’ आणि ‘मैत्रजोडी’ सुचवेन. क्रियापद मात्र ‘शिप करणे’ हेच राहू दे. रिलेशनशिपचं शेपूट असलेला हा शब्द मुलांच्या तोंडी रुळलाय, आणि ‘जोडी जुळवणे’ म्हटलं की वधूवरसूचक मंडळ आठवतं.

नावांमधल्या तिरक्या रेघेबद्दल सावध. १९७० च्या दशकात स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी कर्क/स्पॉक असं लिहिलं, त्यातून ‘स्लॅश’ ही संज्ञा आली. आजही आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या संकेतस्थळावर तिरकी रेघ म्हणजे प्रेम आणि ‘अँड’चं चिन्ह (&) म्हणजे मैत्री. मराठीत मात्र तिरकी रेघ ‘किंवा’ म्हणून वाचली जाते, सरकारी अर्जातल्या श्री./श्रीमती सारखी. स्टीव्ह/टोनी म्हणजे दोघांपैकी कुणीही एक! संयोगचिन्हानेही भागत नाही. राम-लक्ष्मण आणि नवरा-बायको दोन्ही इतरेतर द्वंद्वच. म्हणून नातं शब्दात लिहा.

विचारलेलं नाही, पण दोन पुरुषांची प्रेमजोडी मराठीत लिहिताना सगळ्यात जास्त माती होते ती सर्वनामांत. ‘त्याने त्याचा हात मागे घेतला’: कुणी, कुणाचा? इंग्रजीत लेखक इथे दर ओळीला नाव घालतात, नाहीतर ‘उंच माणूस’, ‘सोनेरी केसांचा’ असली विशेषणं चिकटवतात. मराठीत ‘आपला’ आहे. ‘त्याने आपला हात मागे घेतला’ म्हणजे स्वतःचा. ‘त्याने त्याचा हात धरला’ म्हणजे दुसऱ्याचा. हा भेद पाळलात तर अर्ध्या ठिकाणी नाव लागणार नाही. ‘ते दोघे’, ‘त्या दोघी’, ‘ती दोघं’ हेही फुकटात मिळतं.

आणि ‘तू’ की ‘तुम्ही’ हे पहिल्या संवादाआधी ठरवा. व्यायामशाळेचा मालक वर्कशॉपवाल्याला पहिल्या दिवशी ‘तुम्ही’च म्हणेल. हळूहळू शिजणाऱ्या प्रेमकथेत ‘तुम्ही’चा ‘तू’ होणं हा मोठा प्रसंग आहे, चुंबनाइतकाच. नवखे लेखक तो नकळत, दोन ओळींच्या मध्ये, घडवून मोकळे होतात. आधी भांडणात एकदा ‘तू’ निसटू द्या, पुढच्या भेटीत पुन्हा ‘तुम्ही’ येऊ द्या.

तुमच्या कथेच्या माथ्यावर मग एवढं पुरे: पर्यायकथा (शक्तींशिवाय, कोपरखैरणे). प्रेमजोडी: स्टीव्ह आणि टोनी. मैत्रजोडी असेल तर खालच्या ओळीत, वेगळी.