पोटातच बाळ गेलं, तर कारण शोधण्यासाठी शवविच्छेदन करावंच लागतं का?

नाही, चीरफाड न करताही बरंच कळतं. बाह्य तपासणी, वजन-मापं, फोटो आणि एक्स-रे आधी करा. मग मृत्यूनंतरचा एमआरआय, जो मेंदू-मज्जारज्जूसाठी उत्तम. २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या ४०० गर्भ व मुलांच्या अभ्यासात, एमआरआयला वारेच्या (प्लासेंटाच्या) आणि रक्ताच्या तपासण्यांची जोड दिल्यावर निष्कर्ष सुमारे ८९ टक्के वेळा पूर्ण शवविच्छेदनाशी जुळला. मात्र २० आठवड्यांखालच्या गर्भात नेहमीच्या एमआरआयचं चित्र पुसट येतं. तिथे आयोडीनमध्ये भिजवून केलेला मायक्रो-सीटी (अगदी बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) सरस, पण ती सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वार. एमआरआय परवडला नाही तरी ती तपासायला पाठवाच. नेहमी चुकतं ते इथे: अख्खी वार थेट फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात) टाकतात, त्यात पेशी मरतात आणि कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, होत नाही. आधी नाळेजवळचा छोटा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवायला सांगा (फ्रीझरमध्ये नको), उरलेली फॉर्मालिनमध्ये. संसर्ग किंवा हृदयातला बारीक दोष स्कॅनमधून निसटू शकतो. तशी शंका असेल तर डॉक्टरांना सुईने ऊतीचा नमुना घेण्याबद्दल विचारा.