धर्मामुळे देशातल्या धंद्याला खरंच फायदा होतो का? सणावारांमुळे उलट कामाचे दिवस वाया जात नाहीत का?

"कामाचे दिवस वाया जातात" हे वाक्य आमच्या घरात इतकी वर्षं ऐकतोय की परक्या माणसाने विचारलं तरी उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचा टर्निंगचा, म्हणजे लेथवरच्या कातकामाचा गाळा आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. गाड्यांना लागणारे बुश, पिना, स्पेसर असलं जॉबवर्क करतो.

धर्माचा फायदा म्हटलं की लोक लगेच विक्री मोजायला लागतात. पेणच्या मूर्ती, जांभळी नाक्यावरची फुलं, रमजानमध्ये वाशीच्या मार्केटात होणारी खजुराची उलाढाल, शिर्डीची हॉटेलं. सगळं खरं आहे. शिर्डीला २०१७ मध्ये विमानतळ झाला तो भाविकांमुळेच. पण माझ्या मते हा वरवरचा फायदा आहे. माणसाने फुलांवर खर्च केला नसता तर तो पैसा दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात गेलाच असता. धंद्याला धर्माचा खरा आधार उधारीत असतो. कागद नसताना माल मिळतो आणि दिलेल्या तारखेला पैसे येतात, ही ती जागा. ज्याने कधी स्वतःच्या नावावर उधार माल उचललेला नाही त्याला हे पटवणं कठीण आहे, म्हणून आमच्याकडे काय झालं ते सविस्तर सांगतो.

२००८ साली मंदी आली. गाड्यांच्या कंपन्यांनी ऑर्डरी कापल्या आणि तो फटका साखळीत सगळ्यात खाली असलेल्या आमच्यासारख्यांना बसला. आमची मुख्य पार्टी ठाणे-बेलापूर रोडवरची एक मोठी कंपनी होती. त्यांनी आधी पेमेंट नव्वद दिवसांवर नेलं, मग "हेड ऑफिसहून आलं की देतो" सुरू झालं. कायदा नव्हता असं नाही. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात तेव्हाही लिहिलेलं होतं. पण गाळेवाल्याने मोठ्या पार्टीवर तक्रार केली की पैसे एखाद वेळेस येतातही, पुढची ऑर्डर मात्र येत नाही. हे इस्टेटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही ब्राइट बार, म्हणजे लेथवर लावायच्या गुळगुळीत पोलादी सळ्या, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणायचो. दोन व्यापारी होते. एकाने महिन्याला दोन टक्के व्याज लावायला सुरुवात केली आणि रोज फोन. दुसरे बोहरी शेठ, वडिलांचे जुने. त्यांचे पैसे जास्त अडकले होते आणि तेच गप्प होते, त्यामुळे वडिलांना त्यांचीच जास्त चिंता.

अशात नवरात्र आलं. पुण्याच्या एका पार्टीची छोटी पण घाईची ऑर्डर हातात होती. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तेव्हा आमच्याबरोबरच होता. तो म्हणाला, खंडेनवमी आणि दसरा दोन्ही दिवस मशीन चालू ठेवू. एकेक नग महत्त्वाचा आहे आणि तुम्ही मशीन धूत बसणार? वडील एवढंच म्हणाले, "खंडेनवमीला मशीन चालत नाही." विषय संपला. दादासाठी तो आजतागायत संपलेला नाही.

ज्यांनी गाळ्यातली खंडेनवमी पाहिलेली नाही त्यांना वाटतं की हार घातला, नारळ फोडला, झालं. आमच्याकडे सकाळपासून धुणं चालतं. ट्रेमध्ये वर्षभर अडकून बसलेला टर्निंगचा बुरा आकड्याने ओढून काढायचा. कूलंटची टाकी उपसायची. तळाला जो काळा गाळ बसलेला असतो त्याचा वास हाताला दोन दिवस राहतो. मग घासलेट आणि ब्रशने बेड धुवायचा, चकचे जबडे काढून आतला मळ खरवडायचा, स्लाइड कोरड्या पुसून नवं ऑइल द्यायचं. त्या वर्षी आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, लेथचा स्पिंडल हाताने फिरवत होते. फिरवता फिरवता थांबले. परत फिरवला. म्हणाले, बेअरिंग गेलंय. मशीन चालू असताना आवाजात ते कुणालाच कळलं नव्हतं. बंद मशीनवर, शांतपणे, हाताला ते लागलं. तेच पुढे ऑर्डरच्या मध्यात जॅम झालं असतं तर पुण्याची पार्टी गेलीच होती. दुपारी पाटावर नवं कापड घालून त्यावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, ड्रिल ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले.

संध्याकाळी शेठ आले. पैसे मागायलाच आले होते, त्यात शंका नाही. मशीन बंद बघून त्यांचा चेहरा पडला, गाळा बंद पडला असंच त्यांना वाटलं असणार. वडिलांनी त्यांना आत नेलं. उघडा स्पिंडल, बाजूला बसलेले मामा, पाटावरची हत्यारं, सगळं बघत ते स्टुलावर बसले. मामांना एकदोन प्रश्न विचारले. मग वडिलांना म्हणाले, जुनं जसं येईल तसं द्या, और माल चाहिए तो गाडी भेज दो. दुसरा व्यापारी व्याज घेतच होता, म्हणून वडिलांनी आपणहून व्याजाचा विषय काढला. शेठनी दोन्ही कानांना हात लावले. "ब्याज की बात मत करो भाई, हमारे यहाँ हराम है."

वडिलांनी त्यांना तारीख दिली: पुढच्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या आत सगळं चुकतं. चेक नाही, कागद नाही. आणि त्या लक्ष्मीपूजनाच्या आधी सगळं चुकतं झालं. गाळा टिकला तो त्या मालावर.

आता दादाचं म्हणणं. त्याचे दोन मुद्दे आहेत. एक, व्याज हराम असलं तरी शेठनी ते भावात लावलं असेल. चुकीचं आहे. दोन्ही व्यापाऱ्यांची एकाच आठवड्यातली, एकाच मापाच्या ईएन-८ पोलादाची बिलं माझ्याकडे आहेत. शेठचा भाव जास्त नव्हता. दुसरा मुद्दा जास्त अवघड: शेठ मुळातच चांगला माणूस होता, त्यात धर्माचा काय संबंध?

यावर मी खूप विचार केलाय. चांगला माणूस दर वेळी नव्याने ठरवतो की या वेळी चांगलं वागायचं का, आणि मंदीत, स्वतःचेच पैसे अडकलेले असताना, चांगल्या माणसाचाही निर्णय बदलतो. शेठना ते ठरवायची गरजच नव्हती. व्याज घ्यायचं नाही हे त्यांच्या जन्माआधीच ठरलेलं होतं. त्यांच्या समाजात गरजूला बिनव्याजी कर्ज देण्याची रीतच आहे, कर्ज-ए-हसना म्हणतात. आणि आमच्या बाजूने बघा. वडिलांनी ३१ ऑक्टोबर म्हटलं असतं तर १५ नोव्हेंबर झालं असतं, कुणाला काय कळणार होतं? पण लक्ष्मीपूजनाला वही पुजायची, आणि शेठचं खातं उघडं ठेवून ती पुजायला आई बसलीच नसती. दोन वेगळ्या धर्मांची माणसं, पण दोघांच्याही मागे कुणीतरी बघत होतं. करारपत्राला एवढं वजन यायला वकील लागतो आणि निकालाला वर्षं लागतात.

तुम्ही देशाचं विचारलंत, तर हेच मोठ्या मापाने झालेलं आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा छोटा ख्रिस्ती पंथ निघाला. त्यांना सरकारी पदं बंद, ऑक्सफर्ड-केंब्रिज बंद, म्हणून ते व्यापारात शिरले. घासाघीस करणं म्हणजे खोटं बोलणं, म्हणून त्यांच्या दुकानात एकच भाव. कुणाचं दिवाळं निघालं तर पंथाची मंडळी चौकशी करायची आणि वेळ पडली तर त्याला बाहेर काढायची. बार्कलेज, लॉइड्स, कॅडबरी या सगळ्यांची मुळं क्वेकर घराण्यांत आहेत. लोक ठेवी कुणाकडे ठेवणार? दिवाळखोरीला जो पाप मानतो त्याच्याकडेच.

मलेशियाचं उदाहरण मला त्याहून आवडतं. तिथले गावकरी हजला जायचं म्हणून आयुष्यभर घरात पैसे साठवायचे, जमीन-गुरं विकायचे आणि परत आल्यावर कंगाल व्हायचे. १९६३ मध्ये सरकारने त्यासाठी बचतीची संस्था काढली, तिला आता ताबुंग हाजी म्हणतात. गादीखालचा पैसा मळ्यांत आणि कंपन्यांत गुंतला, आणि माणसं कर्जाशिवाय हजला जाऊ लागली.

सुट्ट्यांचं म्हणाल तर, गाळा चालवणाऱ्याला सुट्टीचं भय नसतं, अचानक पडणाऱ्या खाड्याचं असतं. माझी छपरा-सिवानकडची मुलं छठला गावी जाणार हे मला जानेवारीत कॅलेंडर हातात आलं तेव्हाच माहीत असतं. आमचा सेटर ईदला गावी जातो, त्या आठवड्यात मी नवीन जॉब सेट करायला घेतच नाही. मोठ्या पार्ट्यासुद्धा जुन्या बिलांचे पैसे दिवाळीच्या तोंडावरच मोकळे करतात, कारण त्यांच्याही दारात बोनस मागणारी माणसं उभी असतात. बोनस कायद्यानेच द्यावा लागतो, वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे जवळजवळ एक महिन्याचा पगार. कायद्याप्रमाणे तो आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. दिवाळीच्या आत द्यायचा, ही मुदत आपली. ती चुकवणाऱ्या मालकाकडे पुढच्या वर्षी चांगला ऑपरेटर टिकत नाही.

दादाची बाजू अगदीच निराधार आहे असंही नाही, तेही सांगायला हवं. हार्वर्डच्या रॉबर्ट बॅरो आणि रेचल मॅक्लिअरी यांनी २००३ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली. स्वर्ग-नरकावरचा विश्वास जास्त तिथे आर्थिक वाढ जास्त दिसली. पण विश्वास तेवढाच आणि प्रार्थनास्थळातली हजेरी जास्त, तिथे वाढ कमी. म्हणजे मानणं कामाला येतं, त्यात घातलेल्या वेळाचा हिशेब वेगळा. नऊ रात्री डीजे लावून दहाव्या दिवशी झोपा काढणाऱ्याने माझं उत्तर पुरावा म्हणून वापरू नये. दारात पावतीपुस्तक घेऊन दमदाटीने वर्गणी घेतात त्यांनीही नाही. तो सरळ खंडणीचा प्रकार आहे आणि वागळेतल्या प्रत्येक गाळेवाल्याने तो भोगलाय.

त्याहून मोठी अडचण म्हणजे जी मंडळी शब्द पाळायला लावते तीच मंडळी माणसाला वाळीतही टाकते. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. बोहरा धर्मगुरूंच्याच याचिकेवर तो १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टात रद्द झाला. आपल्याकडे गावकीच्या आणि जातपंचायतींच्या बहिष्काराची इतकी प्रकरणं झाली की महाराष्ट्राला २०१६ मध्ये नवा कायदा करावा लागला. ज्याला वाळीत टाकलं त्याला माल कोण देणार? आणि उधार फक्त आपल्यातल्यालाच मिळत असेल तर बाहेरून येणाऱ्या होतकरू पोराचं काय? म्हणून माझं म्हणणं धर्माने स्वतःच्या माणसाला बांधून घेण्यापुरतंच आहे. दुसऱ्याने काय खावं, कुणाकडून माल घ्यावा हे सांगायला धर्म निघाला की धंद्याचं वाटोळं होतं. अमक्या धर्माच्या दुकानातून घेऊ नका असे मेसेज मलाही येतात. त्यांचं ऐकलं असतं तर २००८ लाच आमचं शटर पडलं असतं.

तुम्ही नवीन धंदा करत असाल तर माझा सल्ला एवढाच. उधारी देताना पार्टीची बॅलन्स शीट बघाच, पण ती कोणती गोष्ट काही झालं तरी करत नाही हेही विचारून घ्या. वसुलीची तारीख तिच्या सणाच्या आधीची ठेवा. आणि वर्षातून एक दिवस सगळी मशीन बंद करून स्वतः उभं राहून धुऊन घ्या. तुम्ही देव मानत नसाल तर नारळ फोडू नका, पण तारीख खंडेनवमीचीच ठेवा. मेंटेनन्ससाठी नुसताच रविवार ठरवला तर कुठलीही घाईची ऑर्डर तो खाऊन टाकते. मी हे डोळ्यांनी बघतो, कारण दादाने नंतर रबाळ्याला स्वतःचं युनिट टाकलं आणि तिथे मेंटेनन्सचा रविवार दर वर्षी पुढे ढकलला जातो. दादा माझ्यापेक्षा हुशार आहे, त्याचा धंदा माझ्याहून मोठा आहे, आणि तरी या एका बाबतीत तो चुकतो असं मी भाऊबीजेला ताईकडे जेवताना दर वर्षी सांगतो.

दादा, ताई तुला हे पाठवेलच. ती दोन बिलं मी फाइलमधून काढून ठेवली आहेत. या भाऊबीजेला घेऊन येतो, माप, तारीख आणि भाव तूच जुळवून बघ.